मदत हवी आहे: भावाला पहिल्यांदाच सायकोसिस (भास आणि खोटे संशय येणारा मानसिक आजार), मराठीतून समुपदेशन कुठं मिळेल? (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

धाकटा भाऊ, वय 21. तीन महिन्यांपासून कानात आवाज येतात, शेजारी जेवणात काहीतरी घालतात असा ठाम संशय. नशा नाही, मारहाण नाही, पण कॉलेज सुटलंय. आधी देवाधर्माचं करण्यात सहा आठवडे गेले. त्याची फार हळहळ वाटते, कारण या आजारात उपचार जितके लवकर, तितका माणूस चांगला सावरतो. बेळगावात खासगी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. रक्ततपासणी नॉर्मल, गोळ्या चालू होऊन वीस दिवस झाले. आवाज कमी झालेत, झोप लागते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वरही बोललो, त्यांनी धारवाडचं डिमहान्स (सरकारी मानसिक आरोग्य संस्था) सुचवलं.

पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. त्याच्याशी बोलणारं, आम्हा घरच्यांना समजावणारं, कॉलेजात परत जायला हात देणारं कुणीतरी हवं. त्याला कन्नड जेमतेम येतं. लोक बघतात म्हणून तो बसमध्ये चढत नाही, आणि भाड्याची गाडी महिन्यातून एकदाच परवडते.

डिमहान्समध्ये मराठी बोलणारे समुपदेशक आहेत का, कुठल्या वारी भेटतात? की तालुका दवाखान्यातल्या मंगळवारच्या मनोचैतन्य ओपीडीतच (सरकारी मानसिक आरोग्य तपासणीत) पुढचं होईल? आणि कर्नाटकचं रेशनकार्ड असताना मिरज-कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात कुणी असे उपचार घेतलेत का?