गावचा रस्ता उखडला, आता बंदही केलाय. विचारायचं कोणाला?

फाट्यावरचा:
मंडळी, गाव घाटमाथ्यावरचं, नाव मुद्दाम टाकत नाही. मुख्य रस्त्यापासून तीनेक किलोमीटर आत. गेल्या दिवाळीआधी डांबरीकरण झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. पहिल्याच पावसात ओढ्याजवळचा तुकडा गेला. बोटाने पापुद्रा निघतो, खाली मातीत मळलेली खडी. आता मोरीचं काम काढलंय म्हणून दोन पिंपं आणि वर आडवं फळकूट, त्यावर खडूने 'रस्ता बंद'. कधीपर्यंत ते नाही. एसटी फाट्यावरूनच वळते, दुधाचे कॅन मोटरसायकलला बांधून न्यावे लागतात. ग्रामपंचायत म्हणते झेडपीकडे जा, झेडपी म्हणते बांधकामकडे, बांधकामवाले म्हणतात 'पंचवीस-पंधरातलं आहे, बघावं लागेल.' कामाचा फलक नाही. मेरी सडक ॲपवर शोधलं, रस्ता यादीतच नाही. तक्रार करू तरी कुठे?

रांगडा_गडी:
खड्ड्यात बेशरमाची झाडं लावा आणि व्हिडिओ टाका. दोन दिवसांत रोलर येतो.

जुनी_एमबी:
रोलर येईल, मुरूम पसरून जाईल. त्याने काय होणार?

माझी नोकरी शाखा अभियंता म्हणून झाली, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो. इतक्यात तक्रार देऊच नका. तिच्यावर 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा पडतो आणि ती घरंगळत ज्याने काम करून घेतलं त्याच्याच टेबलावर येते. कागद मागा.

2515 हे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा नंबर. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं त्यातून होतात. पैसा एका खात्याचा, काम करणारी यंत्रणा दुसरी, त्यामुळे हात झटकायला सगळे मोकळे. पण प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात यंत्रणेचं नाव असतं. मेरी सडक ॲप पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी. तिथे राज्याचे आणि वर केंद्राचे गुणवत्ता निरीक्षक येतात, 5 वर्षांची देखभाल त्याच ठेकेदाराच्या गळ्यात असते. 2515 ला केंद्राचा तो पहारा नाही. ठेकेदारांना ही कामं का आवडतात, ते वेगळं सांगायला नको.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, 150 शब्दांच्या आत. मागायचं एवढंच: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, डांबराची चलनं (खरेदीच्या पावत्या) आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही. तिथे कार्पेट, म्हणजे वरचा डांबरी थर, 20 मिलिमीटर लिहिलं असेल तर तुमच्या पापुद्र्याला शाळेची पट्टी लावून फोटो काढा. चलनावरची तारीख आणि गाडीनंबर नीट बघा. एकच चलन दोन कामांना जोडलेलं मी पाहिलंय. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्कही याच कायद्यात आहे, तो फारसा कोणी वापरत नाही.

रस्ता बंद करणं वेगळं प्रकरण. मोटार वाहन कायदा 1988, कलम 115. बंदी महिन्यापेक्षा जास्त असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते, कमी असेल तरी स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. अधिसूचना सहसा जिल्हाधिकारी काढतात. ठेकेदाराच्या पिंपांना तो अधिकार नाही. तिची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाकडून वेगळ्या अर्जाने मागा.

माहेरवाशीण:
काकांचं बरोबर. भर एकच: अर्ज एकट्याच्या नावाने नको, चारपाच जणांनी वेगवेगळे टाका. आमच्याकडे एकट्याने टाकला तर संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस चहा प्यायला घरी हजर. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील करायचं, तिथे ढिलाई नको.

फाट्यावरचा:
काका, तालुक्याला बांधकामच्या उपविभागात अर्ज दिला तर चालेल का? जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो.

जुनी_एमबी:
चालेल. यंत्रणा चुकली तर अर्ज पुढे वर्ग करणं त्यांचं काम, 5 दिवसांत. पोच घ्या, शिक्क्यासकट.

आणि एक राहिलं. मोरीच्या अंदाजपत्रकात बहुतेक वेळा वळणरस्त्याची बाब धरलेली असते. तुमच्याकडे केलाय का?

फाट्यावरचा:
जेसीबीने ओढ्यातून एक पट्टा सपाट केला होता. आठवड्यात वाहून गेला.

जुनी_एमबी:
खाली सिमेंटचे पाइप टाकले होते?

फाट्यावरचा:
एकही नाही.

जुनी_एमबी:
मग एमबीच्या पानांत आधी तेच शोधा, किती पाइपांचं बिल निघालंय.