संग्रहालयं उभी करणाऱ्यांचे जुने कागद सगळ्यांना उघडे करावेत का?

शहापूरकर:
मंडळी, गेल्या महिन्यात आम्ही सातजण औंधला जाऊन आलो. बेळगावातनं पहाटे चारला निघालो, यमाईच्या डोंगरावर पोचेस्तोवर ऊन चढलेलं. श्री भवानी संग्रहालय बघितलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांनी १९३८ ला उभं केलेलं, संस्थान अवघं ७२ गावांचं आणि आत बघावं तर रविवर्मा, धुरंधर, अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती, हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प. बाकीचे फोटो काढण्यात दंग आणि माझं डोकं भलतीकडंच. चित्राखाली चित्रकाराचं नाव असतंय, पण ते चित्र तिथं आलं कसं, कुणी कुणाला पत्र लिहिलं, पैसे किती ठरले, कारकुनानं ते कुठल्या खात्यात घातले, हे कधी आपल्याला कुणी दाखवतंय का?

हे सुचायला कारण आहे. आमच्या आजोबांचं शहापुरात तसबिरींच्या चौकटी करायचं दुकान होतं. त्यांची एक रोकडवही माळ्यावर सापडली, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडेला तेलकट बोटांचे डाग. एका ओळीत लिहिलंय, 'देवीची तसबीर, काच नवी, कड सोनेरी' आणि पुढं आणे. खाली शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात, 'काच वाटेत फुटली, पैसे परत देणे'. दिले की नाही कुणास ठाऊक. पण त्या एका ओळीनं मला आजोबा जेवढे कळले तेवढे भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोनं कधी कळले नव्हते.

आणि आपलाच माणूस बघा, लक्ष्मणराव किर्लोस्कर, गुर्लहोसूरचे. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखू येईनात म्हणून सोडली, बेळगावात सायकलचं दुकान घातलं, पुढं लोखंडी नांगर केले, आणि इथली जागा सोडायची वेळ आली तेव्हा ह्याच औंधकरांनी कुंडलच्या माळावर जागा दिली. १९१० ची किर्लोस्करवाडी ती. स्वतः चित्रं काढणारा राजा आणि चित्रकला सुटलेला कारखानदार, ह्या दोघांनी एकमेकांना काय लिहिलं असेल ते मला वाचायचंय.

तर माझं म्हणणं, संग्रहालय कुठलंही असो, पहिल्या देणगीदारांची आणि चालकांची पत्रं, पावत्या, कमिटीची प्रोसिडिंग बुकं, सगळं स्कॅन करून मोकळं करावं. काटछाट नको. बोला.

निपाणीचा पावणा:
सगळं म्हणजे सगळं? दादा, तुम्ही दुसऱ्याच्या घरातली पत्रं वाचालाय हे ध्यानात ठेवा. आमच्या चुलत्यांनी एका संस्थेला लई मदत केली, त्यांच्या पत्रात देणगीचं असंल दोन ओळीचं, बाकी सगळं कर्ज, भावकीची भांडणं, आत्याच्या लग्नाचं रखडलेलं. त्या काळी माणूस सेक्रेटरीला पत्र लिहायचा ते मित्र म्हणून लिहायचा. उद्या कुणी त्याचा फोटो काढून ग्रुपवर फिरवला तर आम्ही पाहुण्यांत तोंड कसं दाखवायचं? आजोबांची वही तुमची आहे, ती खुशाल दाखवा. दुसऱ्याच्या आत्याचं लग्न दाखवायला तुम्ही कोण?

मोडीवेडा:
निपाणीकरांचं अर्धं पटलं. पण शहापूरकर, तुमचं त्याहून कमी पटलं. स्कॅन करा स्कॅन करा म्हणणारे लोक दप्तरखान्यात एक दिवस बसलेले नसतात. कागद सुटे नसतात हो, कापडात बांधलेले रुमाल असतात. एक रुमाल सोडला की शेपाचशे कागद सहज बाहेर पडतात, त्यात पत्र कुठलं, यादी कुठली, ह्याची फेरिस्त, म्हणजे यादी, केलेली नसेल तर स्कॅन करून तुम्ही फक्त कागदांचा ढीग कॉम्प्युटरात नेऊन ओतला. आणि जुने कागद बरेचसे मोडीत. वाचणार कोण? तुमच्या सातजणांत मोडी येणारे किती, खरं सांगा.

आपल्या भागाची तर अजून वेगळी गंमत. बेळगाव मुंबई इलाख्यात, लागूनच शहापूर मात्र सांगली संस्थानात, आणि १९५६ ला सगळंच म्हैसूर राज्यात. एका गल्लीतल्या दोन घरांचे कागद दोन राज्यांच्या दप्तरात. एकाची चौकशी मुंबईला सरकारी दप्तरखान्यात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, दुसऱ्याची भलतीकडंच. आधी कुठं काय आहे त्याची यादी करा, मग उघडण्याचं बोला.

एक मात्र तुमच्या बाजूनं सांगतो. भायखळ्याचं म्युझियम १८७२ ला लोकांना खुलं झालं, पाटी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टची. ज्या भाऊ दाजींनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या त्यांचं नाव लागलं १९७५ ला. गोव्यातल्या मांद्र्याचा माणूस, म्हणजे आपला शेजारीच. शंभर वर्षं पाटीवर राणी. कमिटीचे कागद असले की पाटी कधीतरी दुरुस्त होते.

खानापूरची अक्का:
तुम्हा लोकांना पावसाचा पत्ता नाही. आमच्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातल्या साडीला बुरशी येते, चपला हिरव्या होतात, आणि तुम्ही कागदाच्या गप्पा मारताय. लहान संग्रहालयात पहिला पैसा कौलाला आणि गटारीला जायला पाहिजे, दुसरा चित्रांना, उरला तर कागद. मुंबईच्या मोठ्या म्युझियमचं, प्रिन्स ऑफ वेल्सचं, उदाहरण देऊ नका, तिथं टाटांचा संग्रह आला, मोठमोठे देणगीदार मिळाले, तरी १९०५ ला पायाचा दगड बसवून, १९१४ ला इमारत होऊन, मध्ये युद्धाचं हॉस्पिटल होऊन लोकांसाठी दार उघडायला १९२२ उजाडलं. आपल्याकडं गळणाऱ्या छताखाली स्कॅनर ठेवणार काय? वर प्लॅस्टिक बांधून?

शहापूरकर:
अक्का, छत गळालं तर चित्र भिजतंय हे सगळ्यांना दिसतंय, बोंब होते, पेपरात येते. कागद भिजला तर कुणाला दिसतच नाही म्हणून तर मी ओरडालोय.

गुणदाळ_विजापूर:
नमस्कार. आमच्या घरात कन्नड, आज्जाची शाळा मराठी, म्हणून दोन्ही लिहितो, चूक झाली तर सांभाळून घ्या. शहापूरकरांनी ७२ गावं म्हटलं, त्यात आमचा गुणदाळ तालुकापण होता हे किती जणांना माहीत आहे? औंध कुठं, आम्ही कुठं. राजाबद्दल आमच्या आज्जाला आदर होता, माणूस साधा होता म्हणायचा, कीर्तन करायचा, सूर्यनमस्कार घालायला लावायचा. पण प्रश्न असा की चित्राला पैसा कुठनं आला? आमच्याकडची जमीन कोरडवाहू, ज्वारीची. त्याच्यावरचा शेतसारा कुणीतरी भरला ना? तुम्ही देणगीदार देणगीदार म्हणता, मग सारा भरणाऱ्याला काय म्हणायचं? माझ्या मतानं तो पहिला देणगीदार. त्याला विचारलं नव्हतं एवढंच.

शहापूरकर:
सर, मुद्दा जबरदस्त आहे, पण त्याच राजानं १९३९ ला राज्यघटना देऊन कारभार लोकांच्या हातात दिला हेही खरं ना? आणि चित्रं वाड्यात न ठेवता डोंगरावर सगळ्यांना बघायला ठेवली. कितीतरी संस्थानिकांनी मोटारी आणि रेसचे घोडे घेतले, त्याचं आज काय शिल्लक आहे?

गुणदाळ_विजापूर:
मी राजाला वाईट म्हटलंच नाही हो. तुम्ही म्हणता पत्रं उघडा, मी म्हणतो पत्राबरोबर जमाबंदीपण, म्हणजे साऱ्याचे हिशेबपण, उघडा. नुसती पत्रं उघडली तर राजा आणि चित्रकार एवढेच दोघं दिसणार, किती रसिक किती रसिक म्हणून लोक टाळ्या वाजवणार. ज्या वर्षी पाऊस नव्हता त्या वर्षी सारा माफ केला की नाही, आणि त्याच वर्षी चित्र घेतलं की नाही, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचंय मला. माफ केला असेल तर मी स्वतः औंधला जाऊन यमाईला नारळ फोडतो.

मोडीवेडा:
हे आवडलं.

जुना ब्रश:
मी पेंटर माणूस, लिहायची सवय नाही. हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र सगळ्यांनी बघितलंय, म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसात आहे. निम्मं जग ते रविवर्माचं म्हणून सांगतंय, कॅलेंडरवरपण तसंच छापून येतं. अरे बाबांनो, ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि दिवा धरून उभी त्यांची मुलगी गीता. रविवर्मा १९०६ ला वारले. वारलेला माणूस चाळीस वर्षांनी चित्र काढतोय! म्हणून नोंदवही पाहिजे. दुमत नाही.

पण शहापूरकर, तुमचा क्रम चुकलाय. के. बी. कुलकर्णी सरांचं चित्रमंदिर, चित्रकला शिकवायचं ठिकाण, आपल्या बेळगावात होतं, चित्रकार रवी परांजपे तिथलेच शिष्य. परांजपे २०२२ ला गेले. सरांकडं शिकलेले जे आहेत ते आता म्हातारे झालेत, काहींना ऐकू येत नाही. कागद कपाटात अजून दहा वर्षं थांबंल, ही माणसं थांबणार नाहीत. फी कोण भरायचं, रंग कुणी उधार दिले, कुणाला सरांनी फुकट शिकवलं, हे कुठल्याच वहीत नाही, ह्यांच्या तोंडात आहे. मोबाईल घ्या, समोर ठेवा, चहा सांगा, बोलू द्या.

निपाणीचा पावणा:
हे बरं. माणूस बोलतो तेव्हा काय सांगायचं काय झाकायचं त्याचं त्याला कळतं. कागदाला कळत नाही, तोच तर माझा मुद्दा.

शहापूरकर:
कागद थांबंल म्हणता ते मात्र चूक. स्वतः बघितलेलं सांगतो. आपल्याच भागातली एक जुनी संस्था, नाव घेत नाही. रंगकाम काढलं म्हणून कपाटं बाहेर आणली, नोंदवह्या व्हरांड्यात, वर चुन्याचे शिंतोडे. मी विचारलं तर म्हणाले ठेवू आत. दोन दिवसांनी गेलो तर रद्दीवाल्याच्या गाड्यावर, वजन करून झालेलं. मी हातापाया पडून त्यातल्या दोन सोडवून आणल्या, वीस रुपयाला. बाकीच्यांत आता कुठंतरी भडंग बांधून दिलं असंल. कसर लागलेली होती पण अक्षर असं ठसठशीत की बोट फिरवावं. म्हणून म्हणतो वाट बघू नका.

खानापूरची अक्का:
आणि त्या दोन वह्या आता कुठं आहेत हो शहापूरकर?

शहापूरकर:
माझ्याकडंच.

खानापूरची अक्का:
म्हणजे माळ्यावर. आजोबांच्या वहीशेजारी. सगळ्या जगानं कपाटं उघडायची, काटछाट नको, आणि ह्यांच्या माळ्याला शिडी!

जुना ब्रश:
😂😂 अक्का जिंकली.

शहापूरकर:
पकडलं तुम्ही, काय बोलू. किती वर्षं झाली विचारू नका. उघडायचं धाडस होत नाही, पान लागलीच तुटतंय. मोडीवेडा साहेब, येत्या रविवारी मोकळे आहात काय? निम्मी पानं मोडीत आहेत. कुंदा माझ्याकडनं.

मोडीवेडा:
येतो. पण मी येईपर्यंत हात लावू नका, सेलोटेप तर अजिबात नको. मऊ कोरडा ब्रश आणि पांढरं सुती कापड आणून ठेवा. पहिल्या दिवशी वाचायचं नाही, फक्त पानं मोजायची आणि यादी करायची. कुंदा शेवटी, हात चिकट होतात.

गुणदाळ_विजापूर:
यादी इथं टाका. जमाखर्चाची पानं असली तर ती आधी.

निपाणीचा पावणा:
संस्था कुठली ते मला अंदाजानं कळलंय. आमच्या चुलत्यांचं नाव निघालं तर इथं टाकायच्या आधी मला फोन करायचा. सांगून ठेवतोय.