कुमानो होंगू: आईबाबांना शेवटचा टप्पा चालत जमेल का?

नमस्कार मंडळी,

मी ओसाकात राहते. नोव्हेंबरात आईबाबा साताऱ्याहून येतायत. आईने पंढरीची वारी केली आहे, त्यामुळे कुमानो कोदोला (होंगूसारख्या देवळांकडे जाणाऱ्या जपानमधल्या जुन्या यात्रेच्या वाटांना) जायचं तर गाडीने थेट देवळाच्या दारात उतरणं तिला पटत नाही. थोडं तरी चालायचंच म्हणते, आणि मलाही ते मनापासून पटतं.

बेत असा: शिन-ओसाकाहून कुरोशिओ गाडीने किइ-तानाबे, पुढे बस, मुक्काम युनोमिने ओनसेन या गरम झऱ्यांच्या गावी. दुसऱ्या दिवशी सकाळी बसने होश्शिनमोन-ओजी (ओजी म्हणजे वाटेवरचं छोटं देवस्थान) आणि तिथून होंगू ताइशा, म्हणजे होंगूच्या मुख्य देवळापर्यंत पायी, साधारण सात किलोमीटर. वाटेत फुशिओगामी-ओजी लागतं. जुन्या काळी यात्रेकरूंना होंगूचं पहिलं दर्शन इथून व्हायचं आणि ते तिथेच गुडघे टेकून हात जोडायचे. हे ऐकल्याबरोबर आई म्हणाली, "म्हणजे आपलं वेळापूरच की!" आता हा टप्पा गाळणं शक्यच नाही.

अडचण तिच्या गुडघ्याची. सपाटीला ती दोन तास आरामात चालते, पण उतार लागला की उजवा गुडघा धरतो, आणि ही वाट बरीचशी उताराची आहे. तिकडे पाऊसही दांडगा. ओल्या दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून काठी घेऊन नीट उतरता येतं का? मध्येच थांबावं लागलं तर गाडीरस्ता कुठे जवळ आहे? ही वाट देवळाच्या मागून येते, म्हणजे समोरच्या १५८ पायऱ्या चढायच्या नाहीत. पण ओयुनोहाराला जायला त्या उतराव्या लागणारच. १८८९ च्या पुरापर्यंत मूळ देऊळ तिथे नदीकाठी होतं, आता ३३.९ मीटर उंचीची तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान आहे. ती जागा चुकवायची नाही. पायऱ्यांना दुसरा सोपा रस्ता आहे का?

जेवणाचंही सांगा. दोघं पक्के शाकाहारी, आणि जपानी आमटीत, भाजीत बहुतेक वेळा माशाचा दाशी, म्हणजे मासे उकळून काढलेलं पाणी असतं. युनोमिने किंवा होंगूजवळ आधी कळवलं तर दाशीशिवाय जेवण देणारी मिन्शुकू, म्हणजे घरगुती मुक्कामाची जागा कुणाला माहीत आहे का? नाहीतर मी मेतकूट-भात, थेपले बरोबर घेईन.

आणि आईचा खास प्रश्न: साताऱ्याहून आणलेली खडीसाखर देवापुढे ठेवलेली चालते, की फक्त दक्षिणापेटीत नाणं टाकायचं? तिकडच्या रीतीला धक्का लागू नये, असं तिचं म्हणणं.

नाचीचा धबधबा तिसऱ्या दिवशी ठेवलाय. गुडघा दुखला तर दाइमोनझाका ही दगडी पायऱ्यांची चढाची वाट सोडून बसने वर जाऊ. वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर जरूर लिहा, बुकिंग या आठवड्यातच करायचंय.