मोंतालबानो तुम्हाला कुठे भेटला? (अनुभव धागा)

ओटीवरची
काल दुपारी बांगडे तळत होते. सासरे पानावर बसले आणि नेहमीप्रमाणे तोंडाला कुलूप. मासा पानात असला की शेजारी भिंत पडली तरी मान वर करायचे नाहीत. लेक हळूच विचारते, "आजोबा रागावलेत का गं?" आणि मला एकदम इटालियन कादंबऱ्यांतला इन्स्पेक्टर मोंतालबानो आठवला. जेवताना कोणी बोललेलं त्यालाही खपत नाही.

२०११ मध्ये माझे वडील आयसीयूत होते. बाहेरच्या बाकावर सतरा रात्री काढल्या. शेजारच्या पेशंटचा मुलगा डिस्चार्जच्या दिवशी जाताना एक पाठ निघालेलं पुस्तक माझ्या हातात ठेवून गेला. आंद्रेआ कामिल्लेरी, 'द शेप ऑफ वॉटर'. सिसिलीतलं विगाता नावाचं गाव (खरं नाही, रचलेलं), आणि सुरुवातीलाच दोन कचरा उचलणारे. दोघेही शिकलेले सर्व्हेअर, पण ही नोकरीसुद्धा एका खासदाराच्या वशिल्याने मिळालेली! त्यांना गाडीत एका बड्या इंजिनियरचं प्रेत सापडतं. मी बाकावर बसून फिसकन हसले, मग इकडेतिकडे बघितलं.

पण मला पकडलं ते प्रेताने नाही. हा इन्स्पेक्टर दमून घरी येतो आणि आधी फ्रीज उघडतो, कामाच्या बाई आदेलीनाने काय करून ठेवलंय ते बघायला. ते वाचताना मला आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली. रात्री सव्वादहाला दवाखान्यासमोरच्या गाडीवर उभी राहून भुर्जी-पाव खाल्ला. एक शब्द न बोलता.

तुमचा कधी, कुठे? लिहा. खुनी कोण ते मात्र सांगू नका.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, भूक लागली वाचून. प्रतिसाद जेवून देतो.

मिलानकर
कामानिमित्त चार वर्षं इथे इटलीत, मिलानला आहे. इथे डिटेक्टिव्ह कादंबरीला 'जाल्लो' म्हणतात. जाल्लो म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ पासून अशी पुस्तकं पिवळ्या कव्हरात काढली, तेव्हापासून रंगाचंच नाव पडलं. (मोंतालबानोची मात्र पालेर्मोच्या सेल्लेरियोने काढलेली, छोटी, गडद निळी. खिशात मावतात.)
तर मी उत्साहाने आईला फोनवर सांगितलं, "भाषा सुधारावी म्हणून हल्ली रात्री पिवळी पुस्तकं वाचतो." पलीकडे शांतता. मग बाबांनी फोन घेतला.

वऱ्हाडी_ठेचा
हसून हसून पुरेवाट! जेवण राहिलं बाजूला. बाबा काय म्हणाले ते लिही ना भाऊ.

मिलानकर
"लग्नाचं बघू का?"

निवृत्तकाका
मोंतालबानोची पहिली कादंबरी आली १९९४ मध्ये, तेव्हा कामिल्लेरी ६८ वर्षांचे होते. त्याआधी जन्मभर नाटकं बसवली, सरकारी टीव्हीत काम केलं. मी ६१चा. परवा सौ.ला म्हटलं, अजून सात वर्षं आहेत माझ्याकडे. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.
पुढे दृष्टी गेली तरी ते तोंडी सांगून लिहून घेत राहिले. २०१९ मध्ये गेले, ९३व्या वर्षी. हिरोला नावसुद्धा आवडत्या स्पॅनिश लेखकाचं दिलं, मोंतालबानचं. असो, नंबर लावायचा राहिलाय.

गुरुवार_बंद
माझं मत वेगळं, मारू नका. रहस्य म्हणून ही पुस्तकं मध्यम आहेत. बऱ्याचदा अर्ध्यात अंदाज येतो. शिवाय त्याच्या प्रेयसीबरोबरची, लिव्हियाबरोबरची फोनवरची भांडणं! ती तिकडे उत्तरेला, जेनोव्हातल्या बोक्कादास्सेत, हा इकडे सिसिलीत, वर्षानुवर्षं. लग्न करा नाहीतर फोन ठेवा. मी ती पानं उडवतो.

चष्मेवाली
@गुरुवार_बंद, नवरा दुबईला असताना आमचे तीन वर्षं असेच फोन व्हायचे. "जेवलास का"पासून सुरू आणि चौथ्या मिनिटाला भांडण. मला तीच पानं सगळ्यात खरी वाटतात.
आणि अंदाज येऊ दे की. मी तर कातारेल्लासाठी वाचते. ठाण्यातला फोन उचलणारा, एक नाव धड सांगेल तर शप्पथ. मूळात कामिल्लेरींनी इटालियनमध्ये सिसिलीची बोली कालवलीय. मी स्टीफन सार्तारेल्लींचं इंग्रजी भाषांतर वाचते. मागच्या टिपा वाचत बसले की जास्तच मजा. पण डोक्यात मात्र कातारेल्ला मालवणीतच बोलतो. कोणीतरी मालवणीत आणा हो याला!

मिलानकर
बोलीबद्दल अगदी अगदी. माझ्या इथल्याच सहकारी म्हणतात की पहिली वीस पानं त्याही अडखळत वाचतात, मग कान बसतो. आपल्याकडे पुण्याचा माणूस गोव्याच्या बाजारात उभा राहिला की होतं तसं.

आंबोळी
बांगडा काय भावाने मिळाला? आमच्याकडे हात लावू देत नाहीत.

ओटीवरची
@आंबोळी, दोनशेला पाच, तेही कोळीण ओळखीची म्हणून. मध्यमच होते.

दोन_तिकिटं
२०१८ मध्ये आम्ही सिसिलीला गेलो ते मालिका बघून. लुका झिंगारेत्ती मोंतालबानो झालाय ती, १९९९ पासूनची. शिक्लीची नगरपालिका म्हणजे मालिकेतलं पोलीस ठाणं. पुंता सेक्काला त्याचं समुद्रावरचं घर, तिथे आता भाड्याने राहता येतं, आम्हाला परवडलं नाही. बाहेर उभं राहून फोटो काढला. मागे कोणाचे तरी टॉवेल वाळत होते, तेही आलेत. रागूझाच्या पायऱ्यांनी ह्यांचे गुडघे गेले. मग कळलं की लेखकाचं गाव पोर्तो एम्पेदोक्ले तर बेटावर भलतीकडेच, अग्रिजेंतोजवळ! ह्यांनी तिकडे यायला साफ नकार दिला.
आरांचिनी मात्र पोटभर खाल्ले. केशरी भाताचा गोळा, आत खिमा नि मटार, वरून ब्रेडचा चुरा लावून तळलेला. कातानियात 'आरांचिनो' म्हणायचं, पालेर्मोत 'आरांचिना'. चुकीच्या गावात चुकीचं लिंग वापरलं की दुकानदार दुरुस्त करतो.

चष्मेवाली
कृती द्या ना!

दोन_तिकिटं
ते विसरा. गोष्टीत आदेलीनाला दोन दिवस लागतात. थर्टीफर्स्टच्या रात्री ती करते आणि मोंतालबानो लिव्हियाबरोबर पॅरिसला जाणं टाळतो, त्या गोळ्यांपायी. आदेलीनाची दोन्ही मुलं चोर, कायम आतबाहेर. पोलीस त्याच घरी जेवायला!

गुरुवार_बंद
बरं, ही गोष्ट वाचली नव्हती. पुस्तक कुठलं?

वऱ्हाडी_ठेचा
आला आला, गुरुवारी दुकान उघडलं!

निवृत्तकाका
शेवटचं 'रिक्कार्दीनो' वाचलं का कोणी? २००५ च्या सुमारास लिहून प्रकाशकाकडे ठेवून दिलं होतं. आलं २०२० मध्ये, ते गेल्यावर. त्यात मोंतालबानो चक्क लेखकाशी फोनवर वाद घालतो आणि शेवटी

चष्मेवाली
काका!!! थांबा!!!

निवृत्तकाका
थांबलो. बोट चुकून पाठवावर पडलं. (गॅसचा नंबर लागला.)

आंबोळी
मी एकही वाचलेलं नाही, बांगड्यासाठी धाग्यावर आले होते. पण @ओटीवरची, वडिलांचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीत तुम्ही. मघापासून तेच डोक्यात आहे.

ओटीवरची
अगं बरे झाले! अठराव्या दिवशी वॉर्डात आणलं. शुद्धीवर आल्यावर उशाशी पुस्तक बघून म्हणाले, "हे काय, पाण्याच्या आकारावर? इंजिनियरिंगचं आहे का?" मग स्वतःच वाचलं आणि परत दिलंच नाही. आता ८१ आहेत. मागच्या महिन्यात मागितलं तर म्हणाले, अजून एकदा वाचून देतो, खुनी कोण ते विसरलोय.