मदत हवी आहे: दुसरं सिझर पाच आठवड्यांवर, बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यायचंय. दवाखान्यात कुणाशी आणि कसं बोलू?

नमस्कार. पहिलं सिझर होतं, याही वेळी डॉक्टर सिझरच म्हणतायत आणि तारीखही दिलीय. ऑपरेशनचं मला काही वाटत नाही. त्यानंतरच्या दोन दिवसांच्या विचारानं मात्र झोप उडालीय.

मागच्या वेळी मुलगी सकाळी साडेनऊला झाली. तिचं तोंड दाखवलं आणि नेली. माझ्या कुशीत आली ती दुपारी चारनंतर, आणि तोवर तिला दोनदा बाटलीनं डब्याचं दूध पाजून झालं होतं. मला कुणी विचारलंही नाही. दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या, "सिझरवालीला तीन दिवस दूध येत नाही, लेकरू उपाशी ठेवायचं का?" आई आणि सासूबाई दोघी घाबरल्या, यांना मेडिकलमध्ये पिटाळलं. टाक्यांमुळे मला कुशीवर वळता येत नव्हतं. सिस्टर आल्या, बाळाचं डोकं धरून छातीवर दाबलं, बाळ किंचाळलं. "निपल सपाट आहे, घेणार नाही," म्हणाल्या आणि गेल्या. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी दाटली, अंगात ताप भरला, आणि तोपर्यंत मुलगी बाटलीला सरावली होती. दीड महिना रडत-झगडत काढला, मग सोडून दिलं. ती आता चार वर्षांची आहे, छान हसतीखेळती आहे. पण "तुला दूधच नव्हतं" हे वाक्य घरात अजून येताजाता कानावर पडतं, आणि मीही ते खरं मानून बसले होते.

या वेळी थोडं वाचलं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभर, म्हणजे ५ ते ७ मिलीच लागतं, आणि चीक तेवढाच येतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं फक्त ४१.८ टक्के. दवाखान्यापर्यंत पोचूनही इतक्या बाळांचा तो तास जातो कुठे?

आमचं तालुक्याचं गाव आहे. दवाखाना तोच, डॉक्टर हुशार आणि मायाळू आहेत, त्यांच्याशी भांडायचं नाही. पण बाळ कधी माझ्याकडे द्यायचं हे ठरवतं कोण? आमच्या डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ की सिस्टर? आधी लिहून दिलं तर राग येईल का? आणि रात्रपाळीला माणसं बदलतात, तेव्हा काय करायचं? ज्यांनी हे अनुभवलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया सांगा.

वॉर्डातली सिस्टर:
ताई, मी महापालिकेच्या प्रसूती विभागात बरीच वर्षं काम करतेय. तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण असं होताना मी रोज पाहते. आमच्याकडे एका सिस्टरकडे वीस-पंचवीस बाळंतिणी असतात. एका आईला नीट पाजायला बसवायचं तर अर्धा तास हवा, बाटली दिली की पाच मिनिटांत बाळ गप्प. हे समर्थन नाही, पण दुखणं इथे आहे हे तुम्हाला माहीत असू द्या.

आता कामाचं. सिझर कमरेतून भूल देऊन होत असेल तर तुम्ही जाग्याच असता. बाळ रडलं, श्वास नीट आहे असं बालरोगतज्ज्ञांनी पाहिलं की टाके घालेपर्यंत त्याला तुमच्या छातीवर आडवं ठेवता येतं. वजन, अंग पुसून कपडे घालणं, सगळं नंतर. यासाठी तिन्ही डॉक्टरांचं हो लागतं, म्हणून पुढच्या तपासणीलाच विचारा आणि फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्याच हातानं लिहून घ्या: "बाळ आईजवळ ठेवणे, माझ्या सांगण्याशिवाय वरचे दूध नको." रात्रपाळीची सिस्टर नातेवाइकांचं ऐकणार नाही, फाइल वाचेल.

सपाट निपलचं मनातून काढा. बाळ निपल चोखत नाही, त्याभोवतीचा काळा भाग तोंडात घेतं. तोंड जांभई दिल्यासारखं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली असली की पकड बरोबर. दुखलं तर ओढू नका, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. अगदीच आत असेल तर आम्ही सिरिंजचं टोक कापून, दट्ट्या कापलेल्या बाजूनं घालून, गुळगुळीत बाजू निपलवर लावतो आणि हलकेच ओढतो. सिस्टरला सांगा, बहुतेकींना येतं.

बाळ पहिल्या दिवशी झोपाळू असलं तर दर दोन-तीन तासांनी हातानं चीक काढून चमच्यानं द्या. चार थेंब निघाले तरी ते वाया घालवू नका. रात्रीचं पाजणं टाळू नका, दूध वाढवणारं हार्मोन रात्री जास्त असतं.

एक मात्र कळकळीनं सांगते. बाळाची साखर कमी झाली, वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, लघवी होत नाही, अशा वेळी डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर हट्ट करू नका. वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्या आणि अंगावर लावत राहा. दोन्ही चालतं.

भावजय:
माझ्या दोन्ही वेळा सिझर. पहिल्या वेळी तुझ्यासारखंच झालं गं. दुसऱ्या वेळी फरक पडला तो नणंदेमुळे. ती बाळाजवळून हलली नाही. जो कुणी बाटली घेऊन येई त्याला म्हणायची, "आधी वहिनीजवळ लावून बघू या." आवाज न चढवता, प्रत्येक वेळी तेच वाक्य. तुझ्याकडून असं एक माणूस आत्ताच ठरव, आणि ते आई किंवा सासूबाई नकोत, त्यांना बाळाचं रडणं सहन होत नाही. टाक्यांवर वजन येऊ नये म्हणून बाळाला बाजूला, काखेत पाय जातील असं धरायचं आणि खाली दोन उश्या. मला पहिली रात्र तेवढ्यावर निभावली.

मध चाटवायचा विषयही आत्ताच काढ. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते, हे आमच्या सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं तेव्हा पटलं.

नियमवाला:
१९९२ च्या शिशु दुग्ध पर्याय कायद्यानुसार कंपन्यांना डब्याच्या दुधाची जाहिरात करता येत नाही, आणि आईला किंवा दवाखान्यातल्या माणसांना फुकट नमुने वा भेटी देता येत नाहीत. भांडायला नव्हे, पण माहीत असावं. केंद्राचा २०१६ पासूनचा 'माँ' कार्यक्रम स्तनपान वाढवण्यासाठी आहे, आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण देणं हा त्याचा एक भाग आहे.

आशा गटप्रवर्तक:
घरी गेल्यावर एकटी पडू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला बघायला येते; सिझरनंतर घरी उशिरा आलात तर सातव्या दिवसापासून. खासगीत बाळंतपण झालं म्हणून तुमचं नाव तिच्या यादीतून सुटू शकतं, आत्ताच तिला गाठून नोंद करा. छाती दाटायला लागली की चौथ्या दिवसाची वाट बघू नका, तिला फोन करा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचताना डोळ्यांत पाणी आलं, विशेषतः सिस्टर, तुमचं सपाट निपलचं वाचून.

काल तपासणीला गेले होते. डॉक्टरांना विचारलं. त्या क्षणभर थांबल्या, म्हणाल्या, "तू मागच्या वेळी बोलली का नाहीस?" आणि फाइलवर लाल पेनानं लिहिलं. बालरोगतज्ज्ञांशी त्या स्वतः बोलणार आहेत. भूलतज्ज्ञ बाहेरगावहून येतात, त्यांना मला त्याच दिवशी सकाळी विचारावं लागेल. माझी मावसबहीण तीन दिवस माझ्याजवळ राहायला तयार झालीय, तिला वरचं सगळं पाठवलंय.

आता एकच राहिलं. सिस्टर, चीक आधीपासून, म्हणजे आठव्या-नवव्या महिन्यात हातानं काढायची सवय केली तर चालतं का, की त्यानं कळा सुरू होतील?

वॉर्डातली सिस्टर:
आधीचं सिझर आहे, त्यामुळे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. हाताची पद्धत मात्र आत्ताच समजून घ्या: अंगठा वर, चार बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला धरून आधी छातीच्या दिशेनं मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची. बहिणीलाही दाखवून ठेवा, पहिल्या रात्री तुमच्या हाताला सलाइन असेल.