रथाच्या दिवशी नानांना कुठं बसवू?

उधन्याचा जळगावकर:
मंडळी, मी जुन्या जळगावचा. 19 वर्षं झाली, सुरतेत उधन्याला असतो. यंदा कार्तिकी एकादशीला वडिलांना घेऊन रथाला यायचं ठरवलंय. नाना 78 वर्षांचे, गुडघे गेलेत, फार वेळ उभं राहवत नाही. तरुणपणी ते श्रीरामाच्या रथाला मोगरी लावायचे. ज्यांनी रथ पाहिला नाही त्यांना सांगतो: एवढा मोठा रथ वळवायचा नि थांबवायचा तो चाकाखाली लाकडाची मोगरी सारून. वेळ चुकली की हात गेलाच. नानांच्या उजव्या करंगळीचं नख त्यातच गेलं, पुन्हा धड आलंच नाही. लहानपणी मी तीच करंगळी धरून राममंदिरात जायचो.

त्यांना खुर्चीवर बसून चाकं दिसतील अशी जागा हवी आहे. रथ चौकात फार रेटारेटी होते.

भिलपुऱ्यातून:
भाऊ, इकडं भिलपुऱ्यात या. लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो, चादर चढवतात, मुस्लिम बांधव स्वागत करतात. तेवढ्यात नानांचं निवांत दर्शन होईल. आमचा ओटा मोकळा आहे, जिन्याची कटकट नाही. फक्त उशिरापर्यंत बसायची तयारी ठेवा.

जळगावची सून:
एक सुचवते. कार्तिक प्रतिपदेपासून वहनं, म्हणजे वाहनावर बसवलेल्या देवाच्या मिरवणुका, निघतात. त्यातल्याच एका दिवशी नानांना राममंदिरात नेऊन आणा, एकादशीच्या गर्दीत गाभाऱ्यापर्यंत जाणं त्यांना झेपायचं नाही. 1872 मध्ये अप्पा महाराजांनी सुरू केलेला हा उत्सव आहे, घाईत उरकू नका. आणि बारशीला थांबा! चातुर्मासात आमच्याकडे वांगं खात नाहीत, ते बारशीलाच सुटतं. भरीत आणि कळण्याची भाकर खाल्ल्याशिवाय नानांना सुरतेला नेलंत तर ते तुम्हाला माफ करणार नाहीत.

मोगरीवाला:
काय भो, थांबलेला रथ दाखवून काय करणार? मी चार वर्षं मोगरी लावतोय. खरं काम वळणावर. पुढच्या चाकाला कुठून, किती मोगरी द्यायची, हे पावलागणिक ठरतं. नानांना वळणावर बसवा. जागा मी धरून ठेवतो, दुपारीच या.

उधन्याचा जळगावकर:
काल रात्री सुरतेला परतलो. सगळ्यांचे मनापासून आभार. मोगरीवाल्या दादांनी एका दुकानाच्या फळीवर जागा धरली होती, रथ वळताना चाक आमच्यापासून चार हातांवर. त्यांनी नानांच्या हातात मोगरी दिली. नानांनी तिच्या चेमटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला नि म्हणाले, "आता ही बदला, सटकेल."

मग मला म्हणाले, "बावीस वर्षं मोगरी लावली, पण रथाच्या दिवशी मूर्ती कधी पाहिली नाही रे. नजर चाकावर."

रथ समोर आला तसा मी म्हटलं, "नाना, वर बघा आता." त्यांनी वर पाहिलं, हात जोडले. क्षणभरच. लगेच मान खाली. पुढच्या चाकाकडे बघत पुटपुटले, "डावीकडून दे. अजून थोडी. हां."