अनुभव धागा: पैसे आपले, कुलूप त्यांचं

परवा कोकणकन्येत लेकीला डाउनलोड करून ठेवलेला पिक्चर लावून दिला, तर म्हणे मुदत संपली, परत ऑनलाइन या. पेणच्या पुढे कुठलं आलंय नेटवर्क! त्यावरून जुनं आठवलं. मावशी न्यू जर्सीहून आमच्यासाठी कार्टूनच्या ओरिजिनल डीव्हीडी आणायची, प्लेअरमध्ये टाकली की 'रीजन चुकीचा'. कंपन्यांनी जगाचे रीजन पाडून डिस्क त्या-त्या रीजनच्या प्लेअरवरच चालेल असं कुलूप घातलेलं; अमेरिका रीजन १, आपण ५. शेवटी टीव्ही रिपेअरवाल्या काकांनी रिमोटवर कसलेतरी आकडे दाबून प्लेअर मोकळा करून दिला. तुमचेही किस्से येऊ देत.

केळफूल:
तो कोड!! बाबांनी प्लेअरच्या पाठीवर स्केचपेनने लिहून ठेवलेला

सांगलीचा बाब्या:
कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला तर रीजन पाचदाच बदलता यायचा, मग आहे तिथे लॉक. दादाने भारत अमेरिका भारत करत सगळे चान्स उडवले नि ड्राइव्ह कायमचा अमेरिकन झाला. दादाही नंतर तिकडेच गेला म्हणा 😄

टेक्सासकर:
आमचं उलटं, आईने दादरहून नाटकांच्या डीव्हीडी पाठवल्या, रीजनची भानगड नाही म्हणून खूश, तर पाल-एनटीएससीचं (आपली आणि अमेरिकेची टीव्हीवर चित्र दाखवायची पद्धत वेगळी) लफडं निघालं. टीव्हीवर काळंपांढरं चित्र आणि तेही वर पळतंय. मग सगळी पाहुणेमंडळी लॅपटॉपला चिकटून, मागच्यांना फक्त आवाज

पुस्तकीकिडा:
२००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून विकलेलं पुस्तक परस्पर उडवलं, तेही नेमकं ऑरवेलचं '१९८४'! मायक्रोसॉफ्टने २०१९ ला ई-बुकचं दुकान बंद केलं तेव्हाही पुस्तकं गेली. दोघांनी पैसे परत दिले, पण म्हणून काय झालं? कपाटातलं पुस्तक न्यायला दुकानदार घरात शिरतो का

केळफूल:
स्वतःच्या डीव्हीडीची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली तर गुन्हा का? वकील आहे का कोणी

काळाकोट:
हजर. २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. खासगी वापराला कलम ५२ मध्ये जागा आहे, गावभर वाटू नका म्हणजे झालं. अमेरिकेतला १९९८ चा कायदा मात्र कडक, घरी बघायला म्हणूनही कुलूप तोडायची सरसकट मुभा नाही. टेक्सासकर, जपून 😛

टेक्सासकर:
आमच्या नाटकांना कुलूपच नव्हतं ओ वकीलसाहेब

केळफूल:
कुठली नाटकं ते सांगा की

टेक्सासकर:
सांगते, कुकर लावलाय